पहिली दोन कोणती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा सहावीत आहे. ‘तुम्हाला माहीत आहे का?’, ‘अजब-गजब’, ‘हजार रंजक गोष्टी’ या छापाची पुस्तकं त्याच्या हातातून सुटत नाहीत. जेवताना, गाडीत, झोपायच्या आधी तीच माहिती सुरू असते. परवा आजोबांशी त्याचं वाजलं, कारण शिवाजी महाराजांचं जन्मवर्ष आजोबांच्या जुन्या पुस्तकात १६२७ आहे आणि त्याच्या पुस्तकात १६३०. ही पुस्तकं कितपत खरी असतात आणि मुलाला ती वाचू द्यावीत का, असं तुम्ही विचारलं आहे.

आधी सरळ उत्तर देतो. वाचू द्या, आणि आणखी आणून द्या. फक्त ‘छापलंय म्हणजे खरं’ हे त्याच्या मनात घट्ट बसू देऊ नका. गेली बावीस वर्षं मी शाळांसाठी आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांसाठी प्रश्नमंजूषा तयार करतो. प्रश्न सुचायला वेळ लागत नाही. कार्डावर लिहिलेलं उत्तर खरोखर तेच आहे ना, याची खातरजमा करण्यात माझा बहुतेक दिवस जातो. ही सवय मला एका मुलाने लावली.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. बुलढाणा जिल्ह्यात, मेहकरजवळच्या एका शाळेत आंतरशालेय स्पर्धा होती. बाजारातली चार-पाच सामान्यज्ञानाची पुस्तकं समोर ठेवून मी कार्डं लिहिली होती. शेवटच्या फेरीत प्रश्न आला: ‘उल्कापाताने तयार झालेलं जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं विवर कोणतं?’ डावीकडच्या संघाने बझर दाबला, ‘लोणार’ म्हणाले, टाळ्या झाल्या, मी दहा गुण दिले. तेवढ्यात उजवीकडच्या संघातला एक मुलगा उभा राहिला. त्याचं गाव लोणारच्या अगदी जवळचं. गुणांबद्दल त्याची तक्रार नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणाला, “सर, मग पहिली दोन कोणती?”

माझ्या कार्डावर ते नव्हतं. ज्या पुस्तकातून प्रश्न उचलला होता त्यातही नव्हतं. “ते पुढच्या वेळी सांगतो,” असं म्हणून मी पुढचं कार्ड उचललं. तो खाली बसला. परतीच्या एसटीत पुण्यापर्यंत त्याचा चेहरा डोळ्यांसमोरून हलला नाही.

पुण्यात आल्यावर ग्रंथालयात बसून भूगर्भशास्त्राची पुस्तकं काढली. लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. दक्षिण आफ्रिकेतलं व्रेडफोर्ट, कॅनडातलं सडबरी, मेक्सिकोतलं चिक्शुलूब ही विवरं शंभर किलोमीटरांच्याही वरची. मधली यादी एवढी लांब की लोणार शोधायला बरंच खाली यावं लागतं. नंतर तर मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यातलं ढाला हेही उल्काविवर असल्याचं सिद्ध झालं, आणि ते सुमारे ११ किलोमीटरांचं आहे. म्हणजे लोणार भारतातसुद्धा पहिलं नाही. मग ‘तिसरं’ आलं कुठून? याचा माग मला आजवर लागलेला नाही. एका पुस्तकातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, एवढंच दिसतं.

मला जास्त वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. लोणारचं खरं मोल त्या ‘तिसऱ्या’खाली गाडलं गेलं होतं. ते विवर बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात कोरलं गेलंय. पृथ्वीवर अशी विवरं फार थोडी आहेत. ‘जगातलं एकमेव’ असंही छापतात, पण ब्राझीलमध्ये बेसाल्टातली आणखी सापडली आहेत. चंद्राचा आणि मंगळाचा पृष्ठभाग बराचसा अशाच खडकाचा असल्यामुळे तिथली विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारला येतात. हे त्या मुलाला सांगता आलं असतं, तर आपल्या गावाशेजारच्या खड्ड्याकडे त्याने आयुष्यभर वेगळ्या नजरेने पाहिलं असतं. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेला गेलो तेव्हा प्रश्न सुरू करण्याआधी मी माझी चूक सर्वांसमोर सांगितली. तो मुलगा मात्र तोवर दुसऱ्या शाळेत गेला होता.

तेव्हापासून क्रमांकाचा कोणताही दावा समोर आला की मी तोच प्रश्न विचारतो: पहिली दोन कोणती? दुसरं सर्वांत मोठं, चौथं सर्वांत उंच, पाचवं सर्वांत जुनं असं कुणी म्हणालं, की ज्या यादीतून तो क्रमांक आला ती यादी मागायची. यादी निघाली नाही, तर तो क्रमांक मी कार्डावर घेत नाही.

आता या पुस्तकांची गोडी का लागते ते बघू, कारण चुकांचं मूळ तिथेच आहे.

सहावीतल्या मुलाला दिवसभर सगळे काही ना काही सांगत असतात. आई सांगते, बाई सांगतात, शिकवणीचे सर सांगतात. या पुस्तकाने पहिल्यांदाच त्याच्या हातात असं काही येतं जे घरातल्या मोठ्यांना ठाऊक नसतं. “बाबा, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, माहितीये?” (हे खरं आहे.) बाबा खरोखर थबकतात. त्या क्षणाची किंमत कमी लेखू नका. मी स्वतः असाच घडलो. एसटी स्टँडवरच्या बुकस्टॉलवर घेतलेलं पातळ पुस्तक गाडी सुटेपर्यंत अर्धं झालेलं असायचं. कुठलंही पान उघडा, दोन ओळींत गोष्ट पूर्ण. मागचं वाचलेलं असण्याची गरज नाही, पुढचं वाचण्याची सक्ती नाही. ज्याला धड्याचा कंटाळा येतो तोही अशा पुस्तकात तासभर रमतो, आणि वाचनाची सवय बऱ्याच जणांना इथूनच लागते.

दुसरं आकर्षण वाद मिटवण्याचं. गिनेसचं विक्रमांचं पुस्तक जन्मालाच आलं ते एका वादातून. १९५१ साली गिनेस या मद्य बनवणाऱ्या कंपनीचे सर ह्यू बीव्हर आयर्लंडमधल्या वेक्सफर्ड परगण्यात शिकारीला गेले होते. एका सोनचिखल्याचा, म्हणजे गोल्डन प्लोव्हरचा नेम चुकला आणि संध्याकाळी वाद सुरू झाला, की युरोपात ज्यांची शिकार केली जाते त्या पक्ष्यांत सर्वांत वेगवान कोणता. हाताशी असलेल्या एकाही संदर्भग्रंथात उत्तर मिळेना. ब्रिटन-आयर्लंडमधल्या पबांत रोज रात्री असे शेकडो वाद होत असणार, हे त्यांच्या लक्षात आलं. मग नॉरिस आणि रॉस मॅकव्हर्टर या जुळ्या भावांना काम दिलं, आणि २७ ऑगस्ट १९५५ ला पहिली आवृत्ती निघाली. त्या पुस्तकामागे एक शिस्त होती: विक्रमाची व्याख्या ठरवायची, पुरावा मागायचा आणि दरवर्षी जुनं काढून नवं घालायचं. आपल्याकडच्या दुकानांतली बहुतेक पुस्तकं या जातीची नसतात. ती संकलनं असतात. कुणीतरी दहा पुस्तकं समोर ठेवून अकरावं केलेलं असतं.

संकलनात चूक कशी वाहत जाते याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा अमेरिकेतल्या एका खटल्यात सापडतो. फ्रेड वर्थ या लेखकाने १९७० च्या दशकात फुटकळ माहितीचे जाडजूड कोश काढले. आपलं कुणी चोरलं तर ओळखू यावं म्हणून त्याने एक खोटी नोंद मुद्दाम पेरली. दूरदर्शन मालिकेतला गुप्तहेर कोलंबो याचं पहिलं नाव मालिकेत कुणी घेत नसे. वर्थने ते ‘फिलिप’ असं ठोकून दिलं. पुढे ‘ट्रिव्हियल परस्यूट’ नावाचा प्रश्नोत्तरांचा खेळ घराघरांत पोचला आणि त्याच्या एका कार्डावर उत्तर होतं फिलिप. वर्थने १९८४ मध्ये तीस कोटी डॉलरचा दावा लावला. खेळवाल्यांनी मान्य केलं की होय, आम्ही इतर पुस्तकांबरोबर तुमचंही वापरलं. न्यायालयाने निकाल त्यांच्याच बाजूने दिला, कारण तथ्यांवर कुणाची मालकी नसते. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की लाखो लोकांच्या हातात गेलेल्या कार्डासाठी मूळ मालिका बघण्याचे कष्ट कुणी घेतले नव्हते. मालिकेत एका दृश्यात कोलंबोचं ओळखपत्र दिसतं. त्यावर नाव आहे फ्रँक.

मराठीत मुद्दाम पेरलेली चूक मला कधी सापडली नाही. छापखान्यातल्या चुका मात्र तेच काम करतात. एका पुस्तकात मुंबई-ठाणे रेल्वेचं वर्ष १८५३ ऐवजी १८३५ छापलं गेलं होतं, अंकांची अदलाबदल. पुढे तेच १८३५ मला आणखी तीन पुस्तकांत, तीन वेगवेगळ्या प्रकाशकांकडे भेटलं. तेव्हा एक गोष्ट मनाशी पक्की केली: चार पुस्तकांत एकच उत्तर आहे म्हणजे चार साक्षीदार आहेत असं धरायचं नाही. एकाच साक्षीदाराचे ते चार झेरॉक्स असू शकतात.

आणि ऐकून ऐकून खोटंही खरं वाटू लागतं. १९७७ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी विद्यार्थ्यांना पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीनदा काही विधानं दिली आणि कुठलं किती खरं वाटतं ते विचारलं. काही विधानं पुन्हा पुन्हा यायची. ती प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त खरी वाटू लागली, मुळात खोटी असली तरी. म्हणून ‘हे तर सगळ्यांनाच माहीत आहे’ असं वाटलं की मी उलट थांबतो. हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ, हे आपण सगळ्यांनी परीक्षेत लिहिलंय. २०१२ मध्ये लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहिती अधिकारात विचारलं तेव्हा क्रीडा मंत्रालयाने कळवलं की कुठलाही खेळ राष्ट्रीय म्हणून घोषित केलेला नाही. पुढे २०२० मध्ये आपल्या धुळे जिल्ह्यातल्या एका शिक्षकानेही तेच विचारलं आणि उत्तर तेच आलं.

गोडी आणि चूक यांचा संबंध मला सर्वांत जास्त दिसतो तो ‘पहिला’ या शब्दात. वाक्य चटकदार व्हावं म्हणून त्याची सालं काढली जातात आणि सालीबरोबर खरेपणाही जातो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला १४ डब्यांची गाडी गेली, सुमारे चारशे पाहुणे होते, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती. ही भारतातली पहिली सार्वजनिक प्रवासी रेल्वे. सालं काढली की उरतं ‘भारतातली पहिली रेल्वे’, आणि ते चूक आहे. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्येच दगड वाहणारी रेल्वे होती आणि रुडकीला कालव्याच्या बांधकामावर १८५१ मध्ये इंजिन धावत होतं.

तसंच ‘भारतातली पहिली महिला डॉक्टर’. या एका प्रश्नाला तीन बरोबर उत्तरं आहेत, आणि प्रश्नकर्त्याने कार्डावर एकच लिहिलेलं असतं. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली पात्र ठरल्या आणि त्यांनी पुढे व्यवसायही केला. आनंदीबाई भारतात परतल्या त्या क्षयाने खंगूनच, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या. रुग्ण तपासण्याची संधी त्यांना मिळाली नाही. रखमाबाई नंतर लंडनहून शिकून आल्या आणि सुरत, राजकोटला वर्षानुवर्षं काम करत राहिल्या. मी हा प्रश्न आता ‘पहिली कोण’ असा विचारतच नाही. तिघींपैकी एकीच्या आयुष्यातला एखादा प्रसंग सांगतो आणि नाव विचारतो. पहिल्या चित्रपटाचंही असंच आहे. दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ ला पडद्यावर आला, फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला. तोरण्यांनी नाटकाचा प्रयोग चित्रित केला होता म्हणून मान फाळक्यांकडे जातो. हे कारण सांगितलं की मुलांमध्ये जी चर्चा रंगते ती कुठल्याही बझरच्या फेरीपेक्षा सरस असते.

भाषांतरातल्या चुका हा वेगळाच ताप आहे. मूळ इंग्रजी पुस्तकातला ‘मिलियन’ घाईत लाख होतो, ‘बिलियन’ कोटी होतो, आणि दहा किंवा शंभर पटींचा फरक पडतो. नेपोलियन बुटका होता हे प्रत्येक पुस्तकात असतं, उंची पाच फूट दोन इंच. पण तो आकडा जुन्या फ्रेंच मापातला आहे. फ्रेंच फूट ब्रिटिश फुटापेक्षा मोठा, सुमारे ३२.५ सेंटीमीटरचा. गुणाकार करून बघा, १६८ सेंटीमीटर येतात, म्हणजे आपल्या हिशेबात साडेपाच फूट. त्या काळच्या फ्रेंच माणसासाठी ती चांगली मध्यम उंची होती. निळ्या देवमाशाचं हृदय मोटारीएवढं असतं, हेही मुलांचं आवडतं. कॅनडात २०१४ मध्ये किनाऱ्याला लागलेल्या एका देवमाशाचं हृदय टोरांटोच्या संग्रहालयाने जतन केलंय. त्याचं वजन सुमारे १८० किलो. प्रचंडच आहे, तरी मोटार नव्हे.

मोठमोठ्यांनीही या चुका पसरवल्या आहेत. रॉबर्ट रिप्ले यांची ‘विश्वास ठेवा अथवा ठेवू नका’ ही चित्रमालिका जगभर गाजली. त्यांच्यासाठी नॉर्बर्ट पर्लरॉथ नावाचे गृहस्थ १९२३ पासून पन्नासहून अधिक वर्षं न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून माहिती शोधत. एवढी मेहनत असूनही १९३२ मध्ये या मालिकेने सांगितलं की चीनची भिंत चंद्रावरून दिसते. तेव्हा चंद्रावर कुणी गेलंच नव्हतं. भिंत हजारो किलोमीटर लांब आहे हे खरं, पण लांबी दिसायला आधी रुंदी दिसावी लागते, आणि ती पाच-सात मीटर आहे. चंद्रावरून ती बघणं म्हणजे तीन किलोमीटरवरून माणसाचा एक केस बघणं. २००३ मध्ये चीनचेच अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीभोवती फिरून आले, चंद्रापेक्षा कितीतरी जवळून, आणि भिंत दिसली नाही असं त्यांनी प्रांजळपणे सांगितलं. आइन्स्टाइन गणितात नापास झाले होते, हेही १९३५ मध्ये याच मालिकेत आलं. कात्रण दाखवल्यावर आइन्स्टाइन म्हणाले की आपण गणितात कधीच नापास झालो नाही, पंधरा वर्षांचे होण्याआधी कलनशास्त्र शिकून झालं होतं. तरीही दहावीच्या निकालाच्या दिवशी हे वाक्य आजही मोबाईलवर फिरतं. नापास झालेल्या मुलाला धीर द्यावा, जरूर द्यावा, पण खोट्याच्या आधाराने दिलेला धीर त्याला पुढे कळल्यावर टिकत नाही.

आता तुमच्या घरातल्या वादाकडे येतो. त्यात मला आजोबा आणि नातू दोघंही प्रामाणिक दिसतात.

आजोबांच्या पुस्तकातलं १६२७ हे उगाच छापलेलं नाही. शके १५४९ चा वैशाख ही जन्मतिथी दीर्घकाळ रूढ होती आणि अनेक पिढ्या तीच शिकल्या. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली. जेधे देशमुखांच्या घराण्यातली ती नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असं सांगते. कवींद्र परमानंदाचं ‘शिवभारत’ हे महाराजांच्याच काळातलं काव्य, त्यातही हीच तिथी येते. इतिहासकारांत दीर्घकाळ वाद चालला आणि २००१ मध्ये राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. म्हणजे आजोबांचं पुस्तक छापलं गेलं त्या काळात ते बेजबाबदार नव्हतं. पुरावे तपासून मत बदललं, आणि कपाटातलं पुस्तक बदललं नाही.

यात एक गंमत मुलाला करून बघायला सांगा. शकावलीत वार दिलाय, शुक्रवार. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये मागे जाऊन १९ फेब्रुवारी १६३० चा वार काढला तर बहुतेक ठिकाणी मंगळवार येतो. मी पहिल्यांदा केलं तेव्हा हबकलो होतो. उत्तर असं आहे: त्या काळी युरोपात दोन कालगणना चालू होत्या. इंग्रज १७५२ पर्यंत जुनी, म्हणजे ज्युलियन वापरत होते, आणि आपण आज वापरतो ती ग्रेगोरियन तिच्या दहा दिवस पुढे होती. १९ फेब्रुवारी ही जुन्या गणनेतली तारीख आहे. दहा दिवस पुढे गेलं की १ मार्च १६३० येतो, आणि त्या दिवशी वार आहे शुक्रवार. घराण्याच्या वहीत टिपलेला वार साडेतीनशेहून अधिक वर्षांनी मोबाईलवर जुळतो, तेव्हा अंगावर काटा येतो. ‘शिवाजी महाराजांचा जन्म कधी?’ या एका ओळीच्या प्रश्नात एवढं दडलेलं असतं, आणि एका ओळीचं पुस्तक ते देऊ शकत नाही.

एक धोक्याची सूचना मात्र द्यायला हवी. चुका दुरुस्त करणारी पुस्तकंही हल्ली खूप निघतात, ‘गैरसमज आणि सत्य’ या थाटाची. तीही त्याच डोळ्यांनी वाचा. पालकात फार लोह असतं हा समज कसा पसरला, याची एक प्रसिद्ध कथा आहे: एका जर्मन शास्त्रज्ञाच्या दशांशचिन्हाची जागा चुकली आणि आकडा दहापट झाला. मी स्वतः ही कथा दोन पुरवण्यांत दिली आहे. २०१० मध्ये माइक सटन या ब्रिटिश संशोधकाने तिचा माग काढला, तर दशांशचिन्ह चुकल्याचा पुरावाच मिळेना. गैरसमज दूर करणारी गोष्टच सांगोवांगी निघाली. मल्लिनाथाने कालिदासावर टीका लिहिताना प्रतिज्ञा केली होती, ‘नामूलं लिख्यते किञ्चित्’, मूळ आधार नसलेलं काहीही लिहिणार नाही. त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या टेबलासमोर लावलेलं आहे.

दुकानात पुस्तक हातात घेतल्यावर काय बघायचं, ते सांगतो. पाच मिनिटं पुरतात. आधी आतलं छपाईच्या तपशिलाचं पान उघडा. ‘सुधारित आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पंधरावं पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर पंधराव्यांदा छापलाय. मग तीन नोंदी शोधा. महाराष्ट्रातले जिल्हे ३५ लिहिले असतील तर मजकूर ऑगस्ट २०१४ च्या, म्हणजे पालघर होण्याच्या आधीचा आहे. एव्हरेस्टची उंची ८८४८.८६ मीटर दिली असेल तर डिसेंबर २०२० नंतर कुणीतरी हात फिरवलाय. शनीचे उपग्रह मार्च २०२५ मध्ये २७४ झाले, तेव्हा तो आकडा जुना सापडला तर फार रागावू नका, पण शेजारी ‘अमुक सालापर्यंत’ असं लिहिलंय का ते बघा. ज्या लेखकाने साल लिहिण्याची तसदी घेतली आहे, त्याच्यावर मी बाकीच्या पानांसाठीही जास्त भरवसा ठेवतो. ‘शास्त्रज्ञांच्या मते’ असं म्हणून शास्त्रज्ञाचं नाव, देश, वर्ष काहीच नसेल, आणि असं पानोपानी असेल, तर पुस्तक परत ठेवा.

काही वाक्यं मात्र नुसता विचार करूनही पकडता येतात. ‘माणूस वर्षाला झोपेत आठ कोळी गिळतो.’ कोणी मोजले? किती माणसांच्या उशाशी, किती रात्री बसून? मुलाला हा प्रश्न विचारायला शिकवा, तो लगेच शिकेल. संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचं नासाने सांगितलं, हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवरून आता छापील पुस्तकांतही आलंय. त्याच्या मुळाशी १९८५ सालचा एक खरा लेख आहे, नासाच्या केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज यांचा. संस्कृत व्याकरणकारांनी वाक्याचा अर्थ ज्या काटेकोर पद्धतीने उलगडला, ती कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या ज्ञानाच्या मांडणीशी जुळते, असं त्यांनी त्यात मांडलं. ही एका संशोधकाची मांडणी होती, नासाचा निर्णय नव्हे. पाणिनीच्या परंपरेचा अभिमान वाटायला तो मूळ लेख पुरेसा आहे, वर खोटं रचायची गरज नाही.

घरी तपासायला मराठीत साधनं कमी नाहीत. वाईत तयार झालेला मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर मोफत वाचता येतो, केतकरांचा ज्ञानकोश आहे, जिल्हा गॅझेटियर आहेत. त्यांतल्याही नोंदी आपापल्या काळाच्या आहेत. लोणारचं वय अनेक ठिकाणी पन्नास हजार वर्षांच्या आसपास सापडेल, कारण आधीच्या मोजणीत तसंच आलं होतं. नंतरच्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीत ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षं निघालं. दोन्ही आकडे वहीत लिहायचे, शेजारी साल आणि मोजण्याची पद्धत लिहायची. माझी कार्डं आता अशीच असतात: पुढे प्रश्न, मागे उत्तर, आणि उत्तराखाली ते कुठून घेतलं आणि कधी तपासलं. तुमच्या मुलाला एक वही आणून द्या. आठवड्याला पुस्तकातली एकच गोष्ट निवडायची आणि तिचा मूळ धागा शोधायचा. एकच. दहा सांगाल तर तो कंटाळेल, आणि मुळातली मजा जाईल.

आजोबांचं पुस्तक रद्दीत घालू नका. ते १९८१ च्या आधीचं असेल तर त्यात महाराष्ट्राचे जिल्हे २६ असतील, १ मे १९६० ला होते तेवढेच. रविवारी दोघांना दोन पुस्तकं घेऊन समोरासमोर बसवा आणि सव्वीसचे छत्तीस करणारे दहा जिल्हे कोणते, कुठल्या वर्षी आणि कुठल्या जिल्ह्यातून निघाले, ते शोधायला सांगा. पहिले दोन, जालना आणि सिंधुदुर्ग, आजोबांना पुस्तक न उघडताही आठवतील.